साडेअठ्ठेचाळीसवरचा आवाज

"आज किती, भाऊ?"

फाटकाशी सायकल टेकवून ते एवढंच विचारायचे. मी खिडकीतून ओरडायचो, "साडेअठ्ठेचाळीस, काकाजी!" मान हलवून ते परत जायचे. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पुलगावजवळच्या सबस्टेशनवर मी ऑपरेटर होतो. म्हातारा मटका खेळतो, असं माझ्या सोबत्याला वाटायचं. त्याने वरचा अर्धा सोडून अठ्ठेचाळीस हा आकडा एकदा लावलासुद्धा. आला नाही, हे काय सांगायला हवं!

काकाजी गिरणीतून निवृत्त झालेले फिटर. त्यांची बायको भजनी मंडळात गायची. कुणा हौशी व्यापाऱ्याने मंडळाची एक रेकॉर्ड काढली होती आणि तिच्या एका बाजूला ही बाई एकटीच गायली होती. दोन वर्षांनी ती आजारपणात गेली. रेकॉर्ड ट्रंकेत राहिली, कारण घरात वाजवायचं यंत्रच नव्हतं. निवृत्तीनंतर काकाजींनी एका मंडपवाल्याच्या भंगारातून रेकॉर्ड प्लेअर उचलला, दुरुस्त केला, रेकॉर्ड लावली आणि अर्ध्यातच सुई उचलली.

"हा तिचा गाण्यातला आवाज नाई, भाऊ," ते मला म्हणाले. "हा दवाखान्यातला आहे. थकेल, ओढल्यावानी."

फिटर माणूस, आधी संशय यंत्रावरच. गती तपासायचा एक रेघारेघांचा गोल कागद असतो. तो फिरत्या तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटखाली पाहायचा. रेघा स्थिर दिसल्या की गती बरोबर. त्यांच्या रेघा खिळा ठोकल्यासारख्या स्थिर होत्या. म्हणजे यंत्र निर्दोष. तरी शेवटचा उपाय म्हणून ते पहिल्यांदा सबस्टेशनवर विचारायला आले होते, लाइन तर ठीक आहे ना?

"यंत्र बरोबर असंन, तर मंग ती गातानीच बिमार होती. दोन वर्षं ती घरात बिमार होती, अन् मले दिसलं नाई." हे बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी त्यांना आमचा मीटर दाखवला. वीज सेकंदाला पन्नासच्या ठेक्याने यायला हवी, पण तेव्हा मागणी फार, म्हणून काटा साडेअठ्ठेचाळीसवर कण्हत असायचा. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. प्लेअरची मोटर त्याच लाइनच्या ठेक्यावर फिरणार, ट्यूबलाइटही त्याच ठेक्यावर लुकलुकणार! दोघं सारखेच हळू, मग रेघा हलतील कशा?

"चोर चोर मौसेरे भाई, काकाजी! एकाची साक्ष दुसऱ्याच्या काय कामाची?"

त्या दिवसापासून ते "आज किती" सुरू झालं. चांगला पाऊस झाला, शेतातले पंप बंद राहिले, की कधीतरी काटा पन्नासला टेकायचा. मी ओरडायचो, "पन्नास! पळा!" साठीचा तो माणूस पायडल मारत सुटायचा. घरी पोचून सुई टेकवेपर्यंत काटा पुन्हा खाली आलेला असायचा. वर्षभर हा खेळ मी पाहिला. आधी हसू यायचं, पुढे पुढे मला तो काटा पाहवेना.

शेवटी मी नागपूरहून सामान आणलं आणि आम्ही दोघांनी एक डबा बनवला. बॅटरीवर चालणारा, स्वतःचे पन्नास स्वतः काढणारा, वर गती कमीजास्त करायचं बटण. हल्लीचे शौकीन विचारतात ना, स्पीड कंट्रोलरने आवाज सुधारतो का? मी काकाजींना तेव्हाच सांगितलं होतं, "रेकॉर्ड घासलेली, सुई जुनी. खरखर राहीलच."

"राहू दे खरखर. तिले बरी कर फक्त."

बायकोची गाण्याची पेटी त्यांनी जपून ठेवली होती. ती ज्या पट्टीत गायची ती काळी चार एका हाताने दाबून धरली, दुसऱ्या हाताने बटण हळूहळू फिरवलं. आवाज वर सरकत सरकत पेटीला येऊन मिळाला. आणि काय सांगू! पातळ, चपळ, गाता गाता हसू दाबणारी एक तरुण बाई त्या खोलीत गात होती.

"चांगली होती, भाऊ. तवा चांगली होती." दुपट्ट्यात तोंड घालून ते रडले. मीही रडलो, लपवू कशाला?

मला वाटलं, संपलं. महिन्याभराने त्यांच्याकडे गेलो, तर अंगणातच तो थकलेला आवाज कानावर आला. बटण खाली फिरवलेलं. मी चिडलोच.

"एवढी मेहनत कशाला केली मग, काकाजी?"

"चांगली आयकतो ना. रोज आधी चांगलीच आयकतो." ते तबकडीकडे पाहत राहिले. "ती गेली तवा मी गिरणीत पाळीवर गेलतो, भाऊ. दवाखान्यात कोणीच नोहतं तिच्यापाशी. आता या आवाजात आली आहे, तर तिले एकटी काऊन सोडू?"



पुढे वीज सुधारली, काटा पन्नासवर येऊन ठरला. काकाजी तरी सवयीने फाटकाशी येत. एका उन्हाळ्यात आले नाहीत. तेराव्यानंतर त्यांच्या पुतण्याने रेकॉर्ड, प्लेअर आणि डबा माझ्या घरी आणून ठेवला. "तुमालेच समजते यातलं," म्हणाला.

मी रेकॉर्ड लावली. बटण साडेअठ्ठेचाळीसवर होतं. तोच दवाखान्यातला आवाज. वर न्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या बाईला मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. पण आता तिच्यापाशी दुसरं कोणी उरलं नव्हतं. बाजू संपेपर्यंत मी बसून राहिलो.