मी न वाचलेली ओळ

“दोन बोटां सोडून,” वयनी म्हणायची आणि बेंबीच्या बाजूला आपली दोन बोटं आडवी टेकवायची. मग चिमटीत कातडी धरायची, ते पेनासारखं इंजेक्शन सरळ उभं रोवायची आणि नुसती माझ्याकडे बघायची. मी दहापर्यंत आकडे मोजायचे. दहा झाल्याशिवाय ती सुई बाहेर काढत नसे. एकदा मी आठानंतर एकदम दहा म्हटलं, तर म्हणाली, “नऊ खंय गेलो गो? कॉलेजात नऊ शिकवनत नाय काय?”

पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर वयनीचं घर आमच्या घराला लागून. नवरा मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी असेल. बारशाला तिला बोलावतात, पण पाळण्याजवळ तिला उभी करत नाहीत.

सासूने उपचाराबद्दल देवळात प्रसाद लावला होता. देवीच्या अंगावर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडायला हवी होती, ती पडली डावीकडून. म्हणून घरात विषय बंद. नवऱ्याने मात्र लपून होकार दिला होता, तोही असा: “एकदाच. मगे माका विचारूचा नाय.” हे वयनीने मला हसत हसत सांगितलं होतं, आणि हसणं संपल्यावर पुन्हा एकदा सांगितलं होतं.

इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवायची होती. तिच्या घरचा फ्रीज सासूच्या ताब्यात. म्हणून निळ्या झाकणाचा एक डबा आमच्या फ्रीजमध्ये आला, दुधाच्या शेजारी. दररोज संध्याकाळी सातला वयनी आईबरोबर आबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, ओवायला म्हणून यायची. ती आली की आई बाबांना सांगायची, “तुमी जरा तिंट्यार जावन येवा.” बाबा बिचारे रोज बाजारातून काहीतरी विकत घेऊन परत यायचे. त्या दिवसांत आमच्या घरात आगपेट्या फार साठल्या.

सुई तिच्या हाताला नवी नव्हती, हे आधी सांगायला हवं होतं. महिनाभर आधी तिने काही दिवस दुसरी इंजेक्शनं घेतली होती, अंगाची तयारी म्हणून. हात तेव्हाच बसला. बीज वाढवणारी मोठी इंजेक्शनं पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू करायची, असं दवाखान्यात सांगितलं होतं.

तिच्याइतकं काटेकोर माणूस मी पाहिलेलं नाही. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायची. दर वेळी नवी सुई. पेनाच्या खिडकीतला डोसचा आकडा आधी स्वतः बघायची, मग मला बघायला लावायची. एक दिवस उजवी बाजू, दुसऱ्या दिवशी डावी. वापरलेल्या सुया लोणच्याच्या जाड बरणीत टाकून झाकण घट्ट लावायची. आमच्या कचरा उचलणाऱ्या बाईच्या बोटाला लागू नये म्हणून ती बरणी दवाखान्यात परत नेऊन द्यायची. “माझ्या पोरापायी दुसऱ्याचा रगत कित्याक?” म्हणायची. पोर अजून नव्हतंच, पण ती तसंच बोलायची.

माझं काम इंग्रजी वाचायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि वाड्यावरच्या बायकांत इंग्रजी कागद वाचणारीही बहुधा मीच. डब्यात घडी करून ठेवलेला मोठा कागद होता, बारीक अक्षरांचा. वयनी म्हणायची, “माका डॉक्टरीण सांगता ता कळता. पण कागद तू वाचलंस की माका झोप लागता.” मला फार बरं वाटायचं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी. कुणाला माझ्यामुळे झोप लागते हे मला नवीन होतं.

आणि नेमकी पाळी आली ती चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी दोन दिवस.

चवथीला गोव्यात घर कसं होतं हे तुम्हाला ठाऊक असेल. गणपतीवरच्या माटोळीला काकड्या-नारळ टांगलेले, मुंबईचे चुलते आलेले, नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची परात, प्रत्येक खोलीत कुणीतरी झोपलेलं. देव घरात असताना बाहेरची झालेली बाई आत येत नाही. वयनी आपल्या घरात मागच्या खोलीत बसलेली होती. आमच्याकडे ती यायची ती मागीलदाराने, विहिरीजवळच्या पायरीपर्यंत. मी डबा बाहेर न्यायचा, तिने पायरीवर बसून इंजेक्शन घ्यायचं, असं ठरलं.

हरताळकेच्या दिवशी आईने फ्रीज धुतला. नुस्तं, म्हणजे मासळी, सगळी बाहेर काढली, कप्पे सोड्याने पुसले, आणि नैवेद्याचं दूध, खवा, खोबऱ्याचं चून आत ठेवलं. त्या सगळ्याशेजारी तो डबा कसा राहील? बाहेरच्या बाईच्या सुया! आईने तो टाकला नाही, अंगणात ठेवला नाही. महागाचं औषध, गार राहायला हवं, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून तिने तो वर, बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तिथे जास्तच गार. आपण फार काळजी घेतली असं तिला वाटत होतं.

चवथीच्या दिवशी सातला मी डबा काढायला गेले तेव्हा झाकणावर पांढरं हीव धरलं होतं. पेनं हातात घेतली. खिडकीतून आतलं औषध दिसतं, ते दुधी आणि घट्ट दिसत होतं. मी तिन्ही पेनं ओढणीत गुंडाळून काखेत धरली आणि न्हाणीघरात उभी राहिले. बाहेर आरती चालली होती. दोन आरत्या होईपर्यंत मी तिथेच होते. औषध परत पाण्यासारखं स्वच्छ झालं.

मागीलदारी वयनीने पेन हातात घेतलं मात्र, तिच्या लक्षात आलं. “आज इतक्या गार कसा?”

“फ्रीजमध्ये मागे गेलं असेल,” मी म्हटलं.

“बर्फ तर जावंक नाय मा? कागद वाच बगया.”

आई दाराशी आली होती, हातात नेवऱ्यांची थाळी. पायरीवर बसलेल्या वयनीला ती वरूनच द्यायला आली होती. मी कागद उलगडला. ‘टोचण्यापूर्वी औषध खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे’ ही ओळ मी वाचली. मराठीत सांगितली. त्याच्या वर दुसरी ओळ होती: गोठवू नये, गोठल्यास वापरू नये, टाकून द्यावे. आणि दवाखान्याने दिलेल्या चिठ्ठीवर हाताने लिहिलं होतं, शंका आल्यास आधी फोन करा.

मी आईकडे बघितलं. वरची ओळ मी वाचली नाही.

“म्हणजे जरा थांबूया, इतक्याच?” वयनीने विचारलं.

“इतकंच.”

ती दहा मिनिटं पेन तळहातात धरून बसली. मग दोन बोटं ठेवली, चिमटीत धरलं, आणि मी दहापर्यंत मोजलं. त्या दिवशी एकही आकडा गाळला नाही.

का नाही वाचली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आईचं नाव यायला नको होतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. दवाखाना सणाला उघडा असेल का, नवी पेनं कोण आणणार, हेही मनात आलं. पण खरं म्हणजे मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. शिकलेल्या मुलीला असं वाटलं. न शिकलेल्या बाईला शंका आली होती.

पुढचे सगळे दिवस तिने त्याच डब्यातली पेनं घेतली. वेळ चुकली नाही, बाजू चुकली नाही.

पहिल्या स्कॅनला बीजांची काहीच वाढ दिसली नाही. डोस वाढवला, त्याच डब्यातून. दुसऱ्या स्कॅनला नवऱ्याला भाडं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर म्हापशापलीकडच्या त्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी पडद्यावरून नजर काढून विचारलं, “इंजेक्शनं नीट ठेवली होती ना? उन्हात राहिली, गोठली, असं काही?”

“नाय,” वयनी म्हणाली. “हिणे कागद वाचून दिल्लो. कॉलेजात आसा ती.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली.

मग त्यांनी फाइलीत लिहिलं. बाहेर आल्यावर वयनीने मला विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं, या वेळी सगळं. औषधाला अंगाची दाद फारच कमी. या वेळचा उपचार थांबवला. पुन्हा करायचा असल्यास दुसऱ्या स्त्रीचं बीज घेण्याचा विचार करावा.

बसमध्ये ती फाइल मांडीवर उपडी धरून बसली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यातच काय नाय.” आणि थोड्या वेळाने, जणू माझीच समजूत घालायची होती, “तू किती वाचलंस गो माझ्यासाठी.”

गोठल्यामुळेच तसं झालं, असं मी आजही खात्रीने म्हणू शकत नाही. चांगल्या औषधानेही कदाचित काही झालं नसतं. पण ते शोधण्याची तिची एकच संधी होती, आणि ती आमच्या फ्रीजमध्ये गेली.

नवऱ्याने फाइल घरी दाखवली. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, उलट त्याला ती उपयोगाची झाली. परक्या बाईचं बीज सासूच्या घरात येणार नव्हतं. देवीने आधीच सांगितलं होतं, असं सासू विहिरीवर येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. शिगम्याच्या आधी वयनी डिचोलीकडे माहेरी गेली ती परत आली नाही. नवऱ्यासाठी सत्तरी तालुक्यातली एक मुलगी बघून ठेवल्याचं आईच्या कानावर आलं. आई म्हणाली, “बिचारी. आमी किती केला तिच्यासाठी.” मी जेवणाचं ताट सोडून उठले. आईला वाटलं माझं पोट बिघडलंय.

शेवटी मी वयनीला भेटायला गेले. फोन करून गेले. तिने डिचोलीच्या बसस्टँडवर भेटायला सांगितलं. वाळपईला एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायचं काम तिला लागलं होतं आणि ती रोज तिथूनच बस धरायची. मला बघून तिचा चेहरा फुलला. “किती बारीक झालंस गो! अभ्यास करतंस की उपास?” तिने मला भजीपाव घेऊन दिला. तो हातात धरूनच मी सगळं सांगितलं. बर्फाचा कप्पा, काख, न वाचलेली ओळ, दवाखान्यात हलवलेली मान.

 माझं संपल्यावर तिने एकच विचारलं, “फायलीत बरयलेला खोडून गावता?”

“लिहिलेलं खोडता येतं का, ठाऊक नाही,” मी म्हटलं. “मी येते तुझ्याबरोबर. डॉक्टरीणबाईंना मी सांगते, आजच जाऊ.”

“आता त्या कागदावर माझी सही झाली,” ती म्हणाली. तो कागद सोडचिठ्ठीचा, हे मला विचारावं लागलं नाही. मग म्हणाली, “तुज्या आवशीक सांगू नको. तिच्यान सोसवाचा नाय.”

वाळपईची बस लागली. ती चढली, मीही मागोमाग चढले. तिला वाळपईपर्यंत सोबत करावी, वाटेत अजून काही बोलता येईल, असं मला वाटत होतं. बस अर्धी रिकामी होती. ती खिडकीपाशी बसली. मी शेजारी बसणार, तेवढ्यात तिने मांडीवरची पिशवी उचलली आणि बाजूच्या सीटवर ठेवली.

मी उतरले. बस सुटायला अजून दहा मिनिटं होती. ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.