वालेरचं शंभर टक्के कुरण

वालेर ओप्रियानला आयुष्यात एकदाच कुणीतरी प्रशिक्षणाला पाठवलं, आणि गावाला ते चांगलंच महागात पडलं.

त्याआधी वालेर भला माणूस होता. वालेनी गावाच्या वरच्या उतारावर सगळ्यांचं मिळून एक कुरण आहे, त्याच्या चराई मंडळाचा तो अध्यक्ष. घरटी एखाद-दुसरी गाय. सकाळी गुराखी इलारी गल्लीतून शीळ घालत निघायचा, फाटकं उघडायची, गाई आपणहून कळपात सामील व्हायच्या. भर दुपारी कुरणातल्या जुन्या रानटी नाशपतीच्या झाडांखाली सगळा कळप रवंथ करत बसायचा आणि इलारी टोपी तोंडावर घेऊन आडवा व्हायचा. संध्याकाळी प्रत्येक गाय आपापल्या फाटकाशी. यात अध्यक्षाला करण्यासारखं काहीच नव्हतं, हेच वालेरचं दुःख होतं.

एक धास्ती मात्र खरी होती. डोंगरापलीकडच्या गावाचा कळप मोडला होता. गाई कमी झाल्या, गुराखी परवडेना, मग उरलेल्यांनीही गाई विकल्या. आता तिथल्या कुरणात काटेरी झुडपं माजलीत आणि रानडुकरं नांदतात. "माझ्या हयातीत आपला कळप मोडायचा नाही," असं वालेर चारचौघांत छाती ठोकून सांगायचा, आणि ते अगदी मनापासून असायचं.

शहरातल्या प्रशिक्षणात अधिकाऱ्याने उपग्रहातून काढलेलं त्यांचंच कुरण भिंतीवर दाखवलं. हिरव्या उतारावर काळे ठिपके. "हे ठिपके म्हणजे झाडं," अधिकारी म्हणाला. "झाडाखालची जागा कुरणात धरत नाहीत. तेवढं अनुदान कमी." त्यापुढेही तो बरंच काही बोलला, पण तोवर मागच्या दालनात कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याच्या गुंडाळ्या वाढायला घेतल्या होत्या, आणि वालेर रांगेत पहिला होता.

गावी आला तो नवे शब्द घेऊनच. जमिनीचा वापर, उत्पादक क्षेत्र, शंभर टक्के कुरण. पूर्ण अनुदान मिळालं की पाण्याचा हौद बांधू, इलारीचा पगार वाढवू, मग कळप मोडतो कसा ते बघू!

"झाडं तोडल्यावर दुपारी मी पडू कुठे?" इलारीने विचारलं.

"तुला पगार पडायचा मिळतो की राखायचा?"

"दोन्हीचा. माझ्या बापालाही तसाच मिळायचा."

वालेरची बायको लुक्रेत्सिया म्हणाली, "अरे वालेर, आणि गाई?"

"गाईंचं काय? उभ्या राहतील."

"तू राहा एकदा उभा, अंगावर केसाळ कातडं घालून."

पण अध्यक्ष पेटला होता. दर वसंतात कुरण साफ करायचा एक दिवस असतो; जितक्या गाई तितकी माणसं प्रत्येक घराने पाठवायची, काटे तोडायचे, चिचुंदऱ्यांनी उकरलेले ढिगारे सपाट करायचे, मग प्लमची दारू प्यायची. नाशपतींना कुणी हात लावत नसे. त्या वर्षी वालेरने माणसांना करवती आणायला सांगितलं आणि दारू आधीच वाटली. झाडं कळ्यांवर आली होती. तशीच ती आडवी झाली. वालेरने उंचावरून नजर फिरवली. एकही ठिपका नाही! त्याला फार बरं वाटलं.

जूनमध्ये ऊन तापलं, गोमाश्या सुटल्या. पहिल्याच कडक दुपारी अख्खा कळप शेपट्या वर करून उतारावरून सुसाट गावात आला. गावातली फाटकं बंद, माणसं कामावर. गाई चर्चच्या भिंतीला चिकटल्या, बसथांब्यात शिरल्या, आणि बाकीच्या वालेरच्या अंगणात अक्रोडाखाली जाऊन बसल्या, कारण अध्यक्षाच्या फाटकाची कडी कधीच लागत नसे.

"काय अध्यक्ष, मंडळाची सभा भरलीय वाटतं!" रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं.

"गणसंख्या पूर्ण आहे," दुसरा म्हणाला.

मग हे रोजचंच झालं. गाई दुपारी पळत येत, इलारी त्यांच्यामागे पळत येई, दूध आटत गेलं. ऑगस्टमध्ये इलारी जर्मनीला निघून गेला, एका मोठ्या गोठ्यावर. तिथे गाई बाहेरच पडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामागे धावावं लागत नाही. नवा गुराखी मिळेना. गुरांच्या व्यापाऱ्याचा ट्रक आधी एका फाटकाशी थांबला, मग दुसऱ्याशी. वालेर प्रत्येकाच्या दारात जाऊन विनवण्या करत राहिला. लोक ऐकून घेत आणि ट्रकवाल्याला फोन करत. शेवटी एकटी झ्वायाना उरली, वालेरची स्वतःची गाय. गुरुवारी जन्मली म्हणून गुरुवारचं नाव. तिलाही लुक्रेत्सियानेच ट्रकपर्यंत नेलं. वालेर घरात बसून रडत होता.

सप्टेंबरात अनुदानाच्या तपासणीला प्रीदा नावाच्या अधिकारी बाई आल्या. ऊन अजून भाजतच होतं. गवत भाड्याच्या यंत्राने कापून घेतलं होतं. बाईंनी हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं.

"वा! इतकं स्वच्छ कुरण मी या भागात पाहिलं नाही."

"शंभर टक्के?" वालेरने विचारलं.

"शंभर टक्के." मग त्यांचं लक्ष बुंध्यांकडे गेलं. "ही झाडं का हो तोडलीत? इतकी विरळ झाडं चालतात. त्यांच्यासाठी अनुदान कापत नाहीत. प्रशिक्षणात सांगतात ना?"

"सांगितलं असेल," वालेर म्हणाला. "बाई, कुरणात गाय नाही एकही."

"गवत कापलंय ना? मग आमची काही हरकत नाही."

इतक्यात लुक्रेत्सिया जेवण घेऊन वर आली. बसायला जागा शोधत नवराबायकोंनी सगळ्या उतारावर नजर टाकली, आणि अखेर बाईंच्या गाडीच्या कडेला जी हातभर सावली पडली होती तिच्यात दोघं अंग चोरून बसली. तिने मक्याच्या घट्ट पिठल्याची वडी आणि पांढऱ्या चीजचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने एक घास खाल्ला आणि तो थांबला.

"दुकानातलं आहे," ती म्हणाली. "आपलं परवाच संपलं."

बाईंनी गाडीत बसून काच खाली केली आणि विचारलं, "जरा सरकता का? मला निघायचंय."

दोघं सरकली. गाडी गेली, आणि ती दोघं जेवण हातात धरून तशीच उन्हात बसून राहिली.