सर्व्हिस गेली

आमच्या क्लबात दर वर्षी संक्रांतीनंतर मार्कर लोकांची टेनिसची स्पर्धा व्हायची. मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी खेळणारा. त्यानं साहेब लोकांना शिकवायचं, कोणाला जोडीदार मिळाला नाही तर समोर उभं राहायचं, रॅकेटच्या तारा ओढून द्यायच्या, संध्याकाळी जाळी उतरवायची. पगार घेऊन खेळतो म्हणून साहेबांच्या स्पर्धेत त्याला उतरता येत नसे. आमचे हे नागपूरच्या त्या क्लबाचे मार्कर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, मार्कर म्हणजे कपड्यावर खुणा करणारा कोणी असेल.

स्पर्धा सुरू झाली ती एका वादातून. चीनची लढाई होऊन गेली होती. हिवाळ्यात जबलपूरहून काही साहेब पाहुणे आले आणि चहा पिता पिता त्यांचं आमच्या साहेबांशी लागलं, की मार्कर कोणाचा चांगला. शेवटी त्यांचा मार्कर बोलावून घेतला आणि दोघांना कोर्टावर उभं केलं. हे जिंकले. पण बक्षीस द्यायला कोणी कप आणलेलाच नव्हता. मग क्लबाच्या बैठकीतली पितळी फुलदाणी उचलली, तिच्यातली फुलं काढली, पाणी ओतून दिलं आणि ती यांच्या हातात ठेवली. पुढच्या वर्षी रायपूरचा मार्कर आला, अमरावतीचा आला, भोपाळचा आला. खेळणारे वाढत गेले, बक्षीस मात्र तीच फुलदाणी राहिली. जिंकणाऱ्यानं वर्षभर घरी न्यायची आणि पुढच्या स्पर्धेच्या आधी घासून परत आणायची. आमच्या घरी ती बरीच वर्षं होती. मी तिच्यात शेवंती ठेवायची.

आम्हाला क्लबाच्या मागे क्वार्टर होतं. क्वार्टर आणि कोर्ट यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण. पहाटे आम्ही क्वार्टरमधल्या बायका कोर्टावर जायचो. मुरमाच्या त्या कोर्टावर शेणाचा पातळ काला टाकून खराट्यानं फिरवायचा, म्हणजे धूळ बसते आणि चेंडू सरळ उठतो. थंडीत हात बधिर व्हायचे. पण साहेब लोक यायच्या आत आम्ही कुंपणाच्या अलीकडे असायचो. खेळ चालू असताना पलीकडे जायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीच जात नव्हतो.

मी तर नाहीच नाही. माझं माहेर कळमेश्वरकडचं, शाळा चौथीपर्यंत. लोकांसमोर माझा आवाजच निघत नसे. दुकानात मीठ मागायला गेले तर माझ्या मागून आलेली माणसं सामान घेऊन निघून जायची आणि मी तिथंच उभी. घरात मात्र माझी जीभ चालायची, हे यांना विचारावं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये क्लबाचा माळी राहायचा. त्याच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकूचं माझ्या उलट. कोर्टाच्या मागे हिरव्या कापडाची कनात बांधलेली असायची, तिला एक भोक होतं. स्पर्धेचे दिवस आले की काकू त्या भोकाला डोळा लावून बसायची आणि पाहिलेलं सगळं मला चुलीजवळ येऊन सांगायची. यांचे इतक्या वर्षांतले सगळे विजय मी असे काकूच्या तोंडून पाहिले.

पुढे यांचं वय झालं. गुडघा दुखायला लागला. फुलदाणी एक वर्ष रायपूरला गेली, मग जबलपूरला, आणि जबलपूरलाच राहिली. तिकडे एक नवा पोरसवदा मार्कर आला होता. उंच, हसरा, चेंडू असा मारायचा की आवाज आमच्या क्वार्टरपर्यंत यायचा.

एका वर्षी स्पर्धा तोंडावर आली असताना हे घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले.

मी विचारलं, "काय झालं जी? जेवून काहून नाही राहिले?"

"काही नाही."

"काही नाही तर पोळीनं काय केलं तुमचं?"

मग हळूहळू सांगितलं. "सेक्रेटरी साहेब म्हणे, क्लबाले आता जवान मार्कर पायजे. यंदा जो जिंकंल त्याले सर्व्हिस. जबलपूरवाला याले तयार हाय."

"अन् आपण?"

"आपण कन्हानले. दादा म्हणते, खाणीत लावून देतो."

कन्हानला यांचे मोठे भाऊ कोळशाच्या खाणीत होते. मी म्हटलं, "खाणीत कोळसा काय रॅकेटनं फोडता?" हे हसले, पण पोळी तशीच राहिली. यांना दुसरं काही येत नव्हतं. लहानपणापासून हेच केलेलं. यांच्या हातातून रॅकेट काढून घेतली तर हाताचं काय करायचं हे यांना कळलं नसतं, ते मला त्या रात्री कळत होतं.

त्यातून गंमत अशी, की बाहेरगावचे मार्कर आमच्याच ओसरीत उतरायचे आणि जेवायला आमच्याच घरी असायचे. पहिल्यापासूनची रीत होती ती. त्यामुळे आमची सर्व्हिस घ्यायला आलेला तो जबलपूरवाला रोज माझ्याच हातचं जेवत होता, आणि वर म्हणायचा, "भाभी, ऐसा खाना मिला तो मैं दौड़ूँगा कैसे?"

काकू माझ्या कानाशी लागली. "त्याच्या रस्स्यात तिखट घाल वं जराक. असं घाल का दोन दिवस कोर्ट नाही पायजे, पाण्याचा लोटा पायजे!"

"काकू, पाहुणा हाय तो."

"पाहुणा! तुह्या घरात घुसून राहिला अन् पाहुणा!"

मी घातलं नाही. त्याला वाढताना हात थोडा आखडत होता, पण वाढलं सारखंच.

वाटलं होतं तसंच झालं. शेवटचा सामना यांचा आणि त्याचा. त्या दिवशी पहाटे मी काला फिरवला तो जरा जास्तच मन लावून. दुपारी क्लबात खुर्च्या भरल्या. मी चुलीपुढे आलूबोंडे तळत होते, कारण सामना कोणीही जिंको, संध्याकाळी सगळ्या मार्करांना खायला लागणारच होतं.

काकू पहिल्यांदा आली ती हिरमुसून. "पहिला सेट गेला वं. पोट्टा लय जोरात मारून राहिला."

मी तेलात बोंडा सोडला.

काकू गेली. थोड्या वेळानं धावतच परत आली, पदर खांद्यावरून गळलेला. "अवं, बुडालं! तुह्या मालकाची सर्व्हिस गेली वं!"

"कोण म्हणलं?"

"खुर्चीवरचे दोन साहेब कनातीजवळ बोलून राहिले. मी माह्या कानानं आयकलं. 'याची सर्व्हिस गेली' म्हणे."

आमच्याकडे सर्व्हिस म्हणजे नोकरी. दुसरा अर्थ आम्हाला ठाऊकच नव्हता. इतकी वर्षं कुंपणाला लागून राहूनही तो शब्द आमच्याकडे आलेला नव्हता. मला एकच कळलं, की खेळ संपलाही नाही आणि यांना काढून टाकलं. जो जिंकेल त्याला सर्व्हिस म्हणाले होते, आणि अजून कोणी जिंकलेलं नसताना सर्व्हिस गेली.

मी कढई खाली उतरवली. हाताला बेसन लागलेलं होतं, ते तसंच. काकू म्हणाली, "कुठी चालली?" मेंदीच्या कुंपणाला जिथून आम्ही पहाटे जायचो तिथूनच मी आत गेले. पहाटे तिथं फक्त धुकं असायचं. आता इतकी माणसं होती. दोघे कोर्टाच्या बाजू बदलत होते म्हणून खेळ थांबलेला होता. पहिल्या रांगेत सेक्रेटरी साहेब बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

माझा आवाज निघाला. कुठून निघाला ते मला आजही सांगता यायचं नाही.

"साहेब, तुमचा शब्द होता. जो जिंकंल त्याले सर्व्हिस. अजून खेळ चालू हाय. मंग यायची सर्व्हिस आधीच काहून गेली? खेळून तर होऊ द्या!"

सेक्रेटरी साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग कोर्टातून यांचा आवाज आला. हातात चेंडू धरून हे जाळीपाशी उभे होते.

"अवं, ते सर्व्हिस नाही वं! हे सर्व्हिस! हा चेंडू सुरू कराची पाळी! पाळी गेली माही, नोकरी नाही गेली!"

आधी जबलपूरवाला हसला. मग रायपूरवाला. मग सगळ्या खुर्च्या हसल्या, आणि सेक्रेटरी साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मी वळले. पण साहेबांची बायको उठली आणि तिनं माझं मनगट धरलं, बेसनासकट.

"कुठे निघालात? बसा इथे. सर्व्हिस परत येते की नाही ते बघून जा."

तिनं आपल्या शेजारची वेताची खुर्ची पुढे ओढली. मी टोकावर बसले. साहेबांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शब्द आहे, बाई. जो जिंकेल त्याला."

असं मी पहिल्यांदा यांना खेळताना पाहिलं.

घरी पाण्याचा पेलाही स्वतः उचलून न घेणारा माणूस तिथं वाऱ्यासारखा होता. खरं म्हणजे पळत कमी होते. चेंडू जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभे राहात. त्या पोरानं जोरात मारला की हे नुसता आडवा हात करत, आणि चेंडू जाळीवरून हळूच पलीकडे पडून मरून जायचा. तो पुढे धावत आला की यांनी चेंडू त्याच्या डोक्यावरून आभाळात चढवायचा. उन्हं उतरलेली, तो डोळ्यावर हात धरून मागे पळायचा. हे मात्र माझ्याकडे एकदा बघायचे आणि ओठ दाबून हसायचे. मघापासून त्यांच्या खांद्यावर जे ओझं होतं ते त्या हसण्यात पडून गेलं होतं. पुढे कधी विषय निघाला की म्हणायचे, "तू येऊन ओरडली, अन् माहा हात सुटला."

गेलेली सर्व्हिस त्यांनी परत आणली. मला ते कळलं कारण साहेबांच्या बायकोनं माझ्या मांडीवर थाप मारली, "आली!" मग पुन्हा त्याची गेली. दुसरा सेट यांचा झाला. कनातीच्या भोकातून काकू ओरडली, "अवं, आता कोणाची गेली?" आणि मी, चारचौघांत, मागे वळून ओरडले, "जबलपूरची!"

तिसऱ्या सेटला गुडघा भरून आला होता. दोन पॉइंटांच्या मध्ये हे वाकून गुडघा चोळत. मी खुर्चीचा वेत इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले. शेवटचा चेंडू त्या पोरानं फार जोरात मारला. तो मागच्या रेषेपलीकडे, पहाटे मी काला फिरवलेल्या कोपऱ्यात पडला, आणि सारवलेल्या मुरमावर त्याचा गोल ठसा उठला. रेषेच्या बाहेर. मला तो खुर्चीवरून दिसला.

क्लब उठून उभा राहिला. सगळे यांचं नाव घेऊन ओरडत होते. इतक्या लोकांच्या तोंडी ते नाव, आणि माझ्या तोंडी ते कधीच आलं नव्हतं.

सेक्रेटरी साहेबांनी फुलदाणी दिली आणि तिथंच सर्वांसमोर सांगितलं, की सर्व्हिस यांचीच, गुडघा चालेल तोवर. जबलपूरवाल्यानं यांच्या पाया पडून मला हात जोडले. "भाई साहब ने नहीं, भाभी, आपने मेरी सर्विस तोड़ी." मी म्हटलं, "बोंडे गरम करते, खाऊन जा." त्यावरही लोक हसले.

मी उठणार तेवढ्यात साहेबांची बायको म्हणाली, "अशा नाही जायचं. संक्रांतीचे दिवस आहेत. नाव घ्या."

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि तेही हळदीकुंकवाला, बायकांत. इथं तर पुरुषच पुरुष. मी यांच्याकडे पाहिलं. हे फुलदाणी पोटाशी धरून खाली बघत होते, नवऱ्या मुलीसारखे. मला एकदम हसू आलं. आणि तोंडातून निघून गेलं:

"शेणाचा काला, मुरमाची माती,
गेलेली सर्व्हिस परत आली, –––– रावांच्या हाती."

नाव इथं लिहीत नाही. एकदा घेतलं, सगळ्या क्लबानं ऐकलं, तेवढं पुरे.

त्यानंतर स्पर्धेत पहिल्या रांगेला मार्करांच्या बायकांच्या खुर्च्या ठेवायची रीत पडली. काकूसाठीही एक असायची, पण ती खुर्चीवर कमी आणि उभी जास्त. जबलपूरवाल्याला पुढे त्याच्या गावीच पगार वाढवून मिळाला. तो दर वर्षी यायचा, आमच्याच ओसरीत उतरायचा, आणि दोनदा फुलदाणी घेऊनही गेला. यांनी तोवर खेळणं कमी करून शिकवणं वाढवलं होतं. आमचं क्वार्टर कोणी मागितलं नाही.

एका वर्षी अमरावतीच्या मार्करची नवी नवरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. पदर नाकापर्यंत. खेळ रंगात आला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "गेली, याची सर्व्हिस गेली." तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या दंडाला धरून तिनं हळूच विचारलं, "काकू, आता आमी कुठी जाऊ?"

मी तिचा हात माझ्या हातात घेतला.

"कुठी नाही जाऊन राहिली तू," मी म्हटलं. "इथीच बस. परत येते ते."