नावं ठेवायची सभा

आज सकाळपासून तीन वेळा जिना उतरून झाला. एकदा कोथिंबिरीला, एकदा दुधाला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते कोपऱ्यावर पोचेपर्यंत मला स्वतःलाच सुचलं नव्हतं. जायचं असतं थिएटरकडे. करोनात बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. दाराला साखळी, पोस्टरच्या चौकटींत कबुतरं. तरी जाते, आणि पाडायला सुरुवात झालेली नाही एवढं बघून परत येते. शेजारीण परवा म्हणाली, "अहो, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?" म्हटलं, लागलीय. तुमचे गुडघे दुखतात म्हणून मी थांबायचं का?

या थिएटरात सव्वीस वर्षं मी बायकांच्या खिडकीवर तिकिटं विकली. बायकांची रांग वेगळी, खिडकी वेगळी, आणि जाळीमागे मी. नारायण पेठेत आजही एखादी म्हातारी मला भाजीवाल्यापाशी ओळखते, ती चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून. "पुढे सरका, सुटे काढून ठेवा!" हे मी इतक्या वेळा ओरडलेय की घरात पोळी वाढतानाही तोच सूर लागतो, असं मुलगा म्हणतो. तो वारज्याला राहतो. "आई, मोबाईलवर सगळे सिनेमे येतात, कशाला जीव खालीवर करतेस?" हेही तोच म्हणतो. त्याला काय सांगणार? मला सिनेमाचं काही पडलेलं नाही. ती इमारत गेली तर सव्वीस वर्षं मी कुठे बसले होते, हे दाखवायला बोट करायला जागा उरणार नाही.

मालक वारले आणि थिएटर नातवाकडे आलं. नातू बंगळुरूला वाढलेला. मराठी नीट बोलतो, पण जपून, पाहुण्यांकडे बसल्यासारखं. गेल्या महिन्यात त्याने दाराला कागद लावला, की रविवारी संध्याकाळी पाच वाजता सभा आहे, थिएटर दुरुस्त करून चालू करायचं की विकायचं हे ठरवायचंय, रहिवाशांनी येऊन मोकळेपणाने मत मांडावं. वाचून मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे दोघींना थांबवून सांगितलं. पण नारायण पेठेला मोकळेपणाने मत मांडा म्हणणं म्हणजे काय, हे त्या मुलाला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मीच सांगायला हवं होतं.

चाळीसएक माणसं जमली. तिकीटखिडक्यांसमोरच्या मोकळ्या जागेत त्याने प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिले उठले आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक. म्हणाले, "गाणं लागलं की डाव्या बाजूचा कर्णा फाटायचा. तीन पत्रं लिहिली होती मी. पोच नाही." मग गिरणीवाले उठले. खेळ सुटेपर्यंत लोकांच्या स्कूटरी त्यांच्या दारात, गिऱ्हाईकाने दळण काय स्कूटरींवरून आत फेकायचं? एका बाईंनी बायकांच्या संडासाच्या तुटक्या कडीचा विषय काढला. कोणी मध्यंतरातल्या थंड वड्यावर घसरलं, कोणी ढेकणांवर. एकेकाला असा हुरूप आलेला, की खाली बसलेला माणूस आणखी एक मुद्दा आठवून पुन्हा उठत होता. मालकांचा नातू सगळं मान खाली घालून लिहून घेत होता.

मग मी उठले. अगदी ठरवून गेले होते, की उभं राहायचं आणि म्हणायचं, चालू करा. पण तो आला होता पाच वाजून दहा मिनिटांनी, आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! "तुमच्या आजोबांच्या वेळी तीनचा खेळ तीनला सुरू व्हायचा," मी म्हणाले. "आणि बायकांच्या खिडकीवर पत्रा टाका म्हणून मी घसा फोडून सांगितलं. बायका उन्हात उभ्या राहायच्या. अरे, साधा एक पत्रा नाही टाकला गेला तुमच्याच्याने!" रागाच्या भरात मालकाच्या नातवाला अरे म्हणून गेले. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी तो उभा राहिला. "सगळे प्रामाणिकपणे बोललात, आभारी आहे," म्हणाला. "लोकांना इथे किती त्रास होत होता याची मला कल्पना नव्हती." आम्ही खुशीत घरी आलो. मुख्याध्यापक म्हणाले, छान ऐकवलं पोराला.

आठवड्याने दोन माणसं टेप घेऊन थिएटरची मापं घेताना दिसली. विचारलं तर म्हणाली, बिल्डरकडून आलोय. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे माणूस ज्या हॉटेलात रोज जातो त्यालाच रोज नावं ठेवतो. नावं ठेवायची बंद झाली की समजायचं, संबंध संपला. पण हे बंगळुरूच्या मुलाला कसं कळावं? त्याने आमच्या तक्रारी शब्दशः घेतल्या.

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले. "मी नको कुठे म्हटलं?" ते म्हणाले. "कर्णा बदला म्हटलं."

"मग हवंय म्हणून सांगा ना त्याला!"

"ते काय सांगावं लागतं का?"

गिरणीवालेही तेच म्हणाले. दोघांपैकी एकानेही त्याला फोन केला नाही. मनात म्हटलं, मरा. आणि काल सकाळी मीच त्याला फोन लावला.

"आम्हाला थिएटर हवंय," मी सरळ सांगितलं. "त्या दिवशी जे बोललो ते हवंय म्हणूनच बोललो."

तो म्हणाला, "काकू, रागावू नका. मी घरी येऊन सगळं पुन्हा वाचलं. चालू करा, असं एकानेही म्हटलेलं नाही."

"मी म्हणतेय ना आता."

"मला महिनाअखेर बिल्डरला उत्तर द्यायचंय. एक विचारू? नोकरी सुटल्यावर तुम्ही तिथे शेवटचा सिनेमा कधी पाहिलात?"

मी निवृत्त झाल्यावरही थिएटर चांगलं नऊ वर्षं चालू होतं. माझं घर दोन मिनिटांवर. संध्याकाळी मी समोरच्या फुटपाथवर उभी राहायचे, किती जण आत जातात ते बघायचे, आणि न येणाऱ्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घालायचे.

"एकदाही नाही," मी म्हणाले.

"का?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं.

"ते आहेच की, असं वाटायचं रे," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. तो बिचारा पलीकडून "काकू, काकू" करत राहिला.