पाहुण्यांचा ओटा

"पाहुणा येतेच, भाऊ," असं म्हणत आमचे साहेब खिशातला हातरुमाल काढायचे आणि सिमेंटचा ओटा पुसायचे. त्यांच्याशिवाय तिथे कुणी बसत नव्हतं, तरी पुसायचे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. जिल्ह्यात पर्यटन वाढवा, असा हुकूम वरून आला आणि चंद्रपूरच्या कचेरीत तो या चिमूरकडच्या सरळ माणसाच्या गळ्यात पडला. मी त्यांचा जीपचा ड्रायव्हर. जंगलाच्या कडेला, तळ्याकाठी त्यांनी ओटा बांधून घेतला आणि 'प्रेक्षणीय स्थळ' अशी पाटी ठोकली. आता बोला! पाहुणे यायचे उन्हाळ्याच्या सुटीत, आणि हे तळं आटतं नेमकं तेव्हाच. मी एकदा तसं म्हणालो, तर साहेब म्हणाले की चिखलालाही शोभा असते.

पाहुणा काही आला नाही. मोहफुलं मात्र आली. गावातल्या एका म्हातारीला फुलं वाळवायला इतकी गुळगुळीत, तापणारी जागा जन्मात मिळाली नव्हती. साहेब रागावायचे. मग ती एक कोपरा मोकळा करून द्यायची आणि ते तिथे रस्त्याकडे डोळे लावून बसायचे. मेअखेर त्यांची निवृत्ती. त्याआधी एक तरी पाहुणा यावा, एवढंच त्यांचं मागणं. मला हसू यायचं आणि जीवही तुटायचा.

एप्रिलात खरंच नागपूरची एक गाडी थांबली. साहेबांनी घाईघाईनं शर्ट खोचला. म्हातारी फुलं गोळा करायला धावली. फुलं अजून ओली होती, ढीग लावला असता तर सडली असती. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग फुलांकडे.

"राहू दे बाई, वाळू दे. पाहुण्याले मी उभ्यानंच दाखवतो."

पाहुण्यांनी तळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वासानं ते ओट्याभोवतीच जमले, फुलं चाखली, म्हातारीशी गप्पा मारल्या आणि तिचा फोटो काढला. फोटोत मध्ये येतात म्हणून साहेबांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "आला ना पाहुणा?"

"आला साहेब," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी मोह गळायला लागला तेव्हा नव्या साहेबांना घेऊन गेलो. पाटी पडली होती. ओटाभर फुलं पसरलेली, एक कोपरा तेवढा रिकामा. तिथे काऊन नाही टाकलं, असं मी विचारलं. म्हातारीनं पदरानं तो कोपरा पुसला.

"साहेब येतेच, भाऊ."

साहेब पावसाळ्यातच वारले, हे सांगायला माझी जीभ उचलेना. नवे साहेब त्या कोपऱ्यात टेकायला निघाले, तर मीच त्यांना अडवलं.