हाताला न कळलेलं पाणी

सटवानं घमेल्यात हात घातला आणि तो ओरडलाच.

"आयो! आगं, पानी हाय का आधण हाय?"

शहादेव हसला. त्याचा एक पाय घोट्यापर्यंत त्याच घमेल्यात होता, आणि चांगला पाव तास होता. "सटवाराव, बास करा नाटक," तो म्हणाला. "मी बसलोय न्हवं मजेत?"

बायनाबाईही हसली. सटवा तिचा नवरा, त्याचा स्वभावच तसला. मयतीला गेला तरी दोन माणसं हसवून येईल. पण सटवा बोटं झाडत होता, फुंकर घालत होता, आणि त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"पाय काढ रं भायेर! काढ म्हन्तो ना!"

शहादेवनं उजवा पाय उचलला. तळव्याची कातडी पांढरी होऊन सुटली होती. टाचेशी ती लोंबत होती आणि खालचं मांस भाजल्या वांग्यासारखं ओलं दिसत होतं. शहादेवनं ते बघितलं. दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसं बघितलं. मग त्यानं बायनाबाईकडं पाहिलं.

कारण पाणी तिनंच बघितलं होतं. उजवा हात मनगटापर्यंत बुडवून, बोटं फिरवून ती म्हणाली होती, "कोमट हाय. घाला पाय."

दोन हजार तेराच्या दुष्काळातला वैशाख होता. आष्टीपासून दोन कोसांवर गावच्या सहकारी संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. निम्मं गाव गुरांमागं तिथंच राहायला आलेलं. दर मंगळवारी छावणीच्या कडेला, ताडपत्रीच्या सावलीत, सात माणसं जमायची. कुणाला कुष्ठरोग होऊन बरा झालेला, कुणाला शुगर. सगळ्यांचं एकच दुखणं, की पाय दुखत नव्हते. काटा मोडला तर कळत नव्हता, खडा रुतला तर कळत नव्हता. म्हणून आरोग्यसेविकेनं त्यांचा गट बांधून दिला होता. पाय भिजवायचे, घट्टे दगडानं घासायचे, तेल लावायचं आणि एकमेकांचे तळवे बघायचे. पाण्यावरून लोक टोमणे मारायचे. "गुरांना प्यायला न्हाई अन् ह्यांचं पायधुनं चालू हाय!" पण संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांनी गटाला आठवड्याला दोन घमेली पाणी लावून दिलं होतं आणि कुणाचं ऐकलं नव्हतं.

गटाची प्रमुख बायनाबाई. लग्नानंतर वीस हिवाळे तिनं उसाच्या फडात काढले. एकदा उसाच्या खोडक्यानं पाय चिरला. चपलेत रक्त साचून पच पच वाजायला लागलं तेव्हा तिला कळलं. मग पाठीवरचा चट्टा निघाला, तपासणी झाली, रोगाचं नाव कळलं. मुकादमाच्या बायकोनं तिचा पेला वेगळा ठेवला. बायनाबाईनं तो पेला तिथंच दगडावर आपटला आणि ती गावी परतली. बारा महिने गोळ्या खाल्ल्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, रोग गेला. पाय मात्र बधिर झाले ते झालेच.

पाय गेले तरी हात होते. छावणीतल्या कामगारांच्या भाकरी ती करायची, दिवसाला शंभरावर. तव्यावरची भाकरी बोटांनी उचलून निखाऱ्याला लावायची. बाया म्हणायच्या, "अक्का, तुमच्या बोटांला चटका कसा बसत न्हाई वो?" ती म्हणायची, "सवयीनं." सगळ्यांना ते पटायचं. तिलाही.

त्या मंगळवारी टँकर उशिरा आला. टाकीपासून ताडपत्रीपर्यंत काळा पाइप दोनशे फूट, सकाळपासून उन्हात तापलेला. एरवी त्यातलं पहिलं पाणी गुरांच्या हौदात सोडायचे आणि मग घमेलं भरायचे. त्या दिवशी घाईत घमेलं आधी भरलं. लोखंडी घमेलं दोन्ही हातांनी उचलून बायनाबाईनंच ते शहादेवपुढं ठेवलं होतं.

"हात दाव तुजा," सटवा म्हणाला.

तिनं दाखवला. बोटं लालभडक. दोन पेरांवर फोड तरारून आले होते.

"दुकतंय?"

बायनाबाईनं एका फोडावर दुसऱ्या हाताचं नख दाबलं. फोड फुटला, पाणी ओघळलं. ती बघत राहिली.

संस्थेच्या जीपमधून सगळे आष्टीच्या दवाखान्यात गेले. पुढं पाय पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला शहादेव, मागं सटवा, बायनाबाई आणि गटातली रुक्मिणीबाई. शहादेवच रस्ताभर बोलत होता. "अक्का, तुमी नका जीव खाऊ. मलाच कळाया पायजे व्हतं. पर मला कुटनं कळनार, मी बी तसलाच!" आणि स्वतःच हसत होता. बायनाबाईला त्या हसण्याची भीती वाटत होती.

त्याची मलमपट्टी झाली. पाय राहील, पण दोन महिने जमिनीला टेकवायचा नाही, असं ठरलं. मग तरुण डॉक्टरांनी बायनाबाईला समोर बसवलं.

"मावशी, डोळे मिटा. मी पेनाचं टोक हाताला लावीन. कळलं की हो म्हणायचं."

तिनं डोळे मिटले, हात पुढं केले. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. ती वाट बघत राहिली. बराच वेळ गेला.

"करा की सुरू," ती म्हणाली.

"झालं मावशी. दोन्ही हात झाले."

तिनं डोळे उघडले. तळहातांवर निळे ठिपके होते, डाव्यावर दहा, उजव्यावर दहा. तिनं ते मोजले. एकाचाही पत्ता तिला लागला नव्हता. सटवा भिंतीला टेकून उभा होता.

डॉक्टर म्हणाले, "नसेला सूज येते. कधी कधी न दुखता येते, रोग बरा झाल्यावरसुद्धा. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर गोळ्यांनी हात परत येऊ शकतात. त्याच्यापेक्षा जुनं असेल तर अवघड आहे. कधीपासून आहे हे?"

कधीपासून? बायनाबाई आठवत गेली. गेला आठवडा. गेला महिना. भाकरी, सरपण, शेण, दोर. सगळीकडं हात होते, पण त्यांना काय लागलं होतं ते आठवेना. मग शिमगा आठवला. नातू मलूल पडला होता. सून म्हणाली होती, "आत्याबाई, बगा की, अंग तापलंय का?" तिनं पोराच्या कपाळावर हात ठेवला होता. "काय न्हाई. गार हाय." तिन्हीसांजेला पोराला झटका आला, मोटारसायकलवर घालून पळवावा लागला. पोर वाचलं. ताप मागाहून चढला, असंच सगळे म्हणाले.

"चढला न्हवता," ती म्हणाली. "आदीच व्हता."

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिमग्याला हात गेलेला व्हता." तिचा आवाज फाटला. "त्याच्या आदीचं मला न्हाई सांगता येत. दिवाळीला व्हता का न्हाई, देवाला ठाव."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं. दिवाळी म्हणजे सहा महिने संपलेच.

"मला सांगता येतंय," दारातून रुक्मिणीबाई म्हणाली. आत यायची तिची हिंमत नव्हती. "संक्रांतीला व्हता हात. अक्का, दुसऱ्या दिवशी, करीला, तुमी माजा पाय मांडीवर घेतला. म्हन्ला, ह्यो तापलाय अन् त्यो गार हाय. मी म्हन्लं, काय बी! तर आत बाभळीचा काटा निगाला, पू झालेला. डोळ्याला काय दिसत न्हवतं. हातालाच कळालं तुमच्या."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. जानेवारीची पंधरा. आज मेची चौदा.

"चार महिने," ते म्हणाले. "आजच सुरू करू. खात्री देत नाही मी, मावशी. आणि चुलीपुढं बसायचं नाही."

"मग भाकरी?"

"मी थापीन," सटवा म्हणाला. तेवढे दोनच शब्द त्याला सुचले.

औषधाच्या खिडकीतून पाकीट मिळालं. बायनाबाईनं तिथंच गोळ्या फोडायला घेतल्या तसे डॉक्टर आतून ओरडले, "उपाशी पोटी नाही! काहीतरी खाऊन घ्या!" सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. सटवा केळी आणायला पळाला, वहाणा तिथंच विसरून. रुक्मिणीबाई शहादेवला आधार देऊन जीपकडं घेऊन गेली.

बायनाबाई ओट्यावर एकटीच बसून राहिली. गोळ्यांचं पाकीट तिनं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं, आणि ते अजून हातातच आहे ना, म्हणून ती दर थोड्या वेळानं खाली बघत होती.