डाव्या हाताचं अक्षर

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझा उजवा हात मनगटापासून गेला. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. लाखनीच्या कॉलेजातून बी.ए. झालो होतो, तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. गावात धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं. भाड्याने आणलेल्या थ्रेशरमध्ये मी पेंड्या टाकत होतो. एक पेंडी अडकली, ती ढकलायला हात पुढे केला. आठवतं ते एवढंच, की बाबा आपला दुपट्टा माझ्या हाताला गुंडाळत होते आणि कुणीतरी मशीन बंद कर म्हणून ओरडत होतं.

नागपूरच्या दवाखान्यातून महिनाभराने घरी आलो आणि खाटेवर पडून राहिलो, भिंतीकडे तोंड करून. आई घास भरवायची. पायजम्याची नाडीही तीच बांधायची, आणि बांधताना मान दुसरीकडे वळवायची. ते मला सर्वांत जास्त लागायचं. मित्र आले की मी झोपेचं सोंग घ्यायचो. आई त्यांना दारातूनच सांगायची, "आताच डोया लागला बापा त्याचा."

उन्हाळ्यात बाबा मला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी भंडाऱ्याला घेऊन गेले. तिथल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "इथं सही करा." मग त्याचं लक्ष माझ्या रिकाम्या बाहीकडे गेलं. तो बिचारा ओशाळला. "राहू द्या, आंगठा चालते," म्हणत त्याने शाईचा पॅड उघडला. मी डावा अंगठा लावला. बाबा शेजारीच उभे होते.

बाबांनी जन्मभर अंगठाच लावला होता. रेशनच्या दुकानात, सोसायटीत, माझं नाव शाळेत घालतानासुद्धा. आमच्या घरात पहिली सही माझी.

परतीच्या बसमध्ये बाबांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "मी लोकायले सांगत होतो, आमच्या घरचा आंगठा आता संपला म्हणून."

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुले बोलून नाई राहिलो. मले वाईट वाटलं, एवढंच."

लाखनीला गाडी बदलायची होती. मी म्हणालो, "बाबा, जरा बजारात जाऊ."

"काहून?"

"वही घ्याची हाये. दुरेघी."

त्या क्षणी माझ्यात उमेद जागी झाली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला शरम वाटली होती, आणि खाटेवर पडून ती शरम सोसण्यापेक्षा वही बरी वाटली. उमेद नंतर आली, थोडीथोडी, काम करता करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून अ, आ गिरवायला घेतलं. कागद धरायला दुसरा हात नाही, त्यामुळे वही सरकायची. आईने पाट्यावरचा वरवंटा आणून तिच्यावर ठेवला. अक्षरं म्हाताऱ्या माणसासारखी वाकडी चालायची. कितीदा तरी पेन भिरकावला आणि कितीदा तरी उठून पुन्हा आणला. त्याच आठवड्यात मी आईला म्हणालो, "ताट ठेवून दे. मी खातो."

"सांडशीन."

"सांडू दे."

वरण-भात अंगावर सांडला. आई चुलीकडे तोंड करून बसून राहिली. मी ताट संपवलं.

पावसाळा सरला तेव्हा माझी सही जमायला लागली होती. पुढे मी लाखनीला तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहू लागलो. सुरुवातीला माणसं टेबलापर्यंत यायची, बाही बघायची आणि शेजारच्याकडे जायची. अड्याळची एक म्हातारी मात्र थांबली. "हळू लिव्ह, पण बराबर लिव्ह," म्हणाली. तिचा अर्ज लिहायला मला पाऊण तास लागला. ती शेवटपर्यंत उभी राहिली.

परीक्षेत पहिल्या वर्षी वेळ पुरला नाही, पेपर अर्धा कोरा राहिला. दुसऱ्या वर्षीही निवड झाली नाही. तिसऱ्या वर्षी एका शाळेत लिपिक म्हणून लागलो. लग्न झालं, मुलगी झाली. नसलेला हात थंडीत अजून ठणकतो. सकाळी उठावंसं वाटत नाही असे दिवस येतात. त्या दिवशी मी ठरवून लवकर उठतो, अंघोळ करतो आणि बाहेर पडतो. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आई गेली त्या वर्षी, एका दुपारी, मी तिच्या उशाशी बसलो होतो. ती म्हणाली, "एक इचारू? त्या दिवशी तू अभ्यास करून राहिला होता. मीच तुले चुरन्यावर धाडलं. राग हाये का मायावर?"

एवढी वर्षं ती हे मनात घेऊन माझ्या ताटात भात वाढत होती. तिने मला धाडलं होतं, हे माझ्या लक्षातही नव्हतं. पण राग नव्हताच असं म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

"पयल्या वर्षी होता," मी म्हणालो. "मंग लिहाच्या नादात इसरलो."

"खरं?"

"खरं."

तिने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ माझा डावा हात धरून ठेवला.